आपल्यातलं लग्न

आई हिंदीत डब केलेल्या चिनी मालिका बघायची. आवडत्या नटाला ताप आलाय एवढं मोबाईलवर दिसलं तरी तिला जेवण गोड लागायचं नाही. एकलहऱ्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये आलेले पाहुणे हसायचे. "सगळे एकसारखेच दिसतात, ओळखता तरी कसे?" असल्या लोकांना चहा द्यायचीही माझी इच्छा नसायची. आई मात्र शांतपणे म्हणायची, "मला येतात ओळखू."

एकदा पडद्यावर राजवाड्यातली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत रांगेनं निघाली. आईनं टाळी वाजवली. "लग्न लागतंय बघ! अगदी आपल्यातलं." आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, आईही तशीच उभी राहिली होती. पण रांगेमागून शवपेटी आली. तिचा लाडका नायकच मालिकेत मेला होता. आईनं टीव्ही बंद केला. शेवटचे भाग मी कितीदा लावून देऊ केले, तिनं बघितले नाहीत. "माझ्यापुरतं ते लग्नच राहू दे," म्हणाली.

मागच्या वर्षी आई गेली. आमच्यात मयतालाही पांढरंच घालतात, पण तिला पांढऱ्यात आधी लग्नच दिसायचं. अंगणात सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत रांगेनं उभी होती. मी तिच्या उशाशी बसले होते आणि मला एकसारखं वाटत होतं, आत्ता ही डोळे उघडेल आणि टाळी वाजवेल.