दोर न पडलेला दगड

गावच्या जुन्या विहिरीच्या तीन कडांवर दोरांनी खाचा पाडल्यात, बोट आत बसेल इतक्या खोल. चौथी कड मात्र सपाट आहे.

विहिरीच्या माहितीफलकाचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. कमान, कोनाडे, चुन्याचं बांधकाम, सगळं विहिरीच्या जतन समितीला आवडलं. चौथ्या कडेबद्दलचं वाक्य त्यांनी तिसऱ्यांदा खोडलं. "लोक फोटो काढायला येणार, त्यांना हे कशाला?" अध्यक्ष म्हणाले. पूर्वी मी लगेच निषेधाचं पत्रक छापलं असतं. आज नुसताच काठावर बसून राहिलो. दगडावर एवढं उघड दिसतं, तरी तेच किती वेळा लिहायचं?

पायऱ्या झाडून सरूमावशी शेजारी टेकल्या. "काय खोडलं रं?"

"तुमच्या वस्तीला दोर टाकू देत नव्हते. या कडेला घागर घेऊन उभं राहायचं, कुणी वाढेल तेवढं पाणी न्यायचं, ते."

मावशींनी सपाट दगडावर हात फिरवला आणि हसल्या. "बघ, कसा नवाकोरा ऱ्हायलाय! आमचा दोर पडला असता, तर ह्यो बी झिजला असता."

मी खोडलेल्या ओळीच्या जागी मावशींचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. हेही खोडणार असाल, तर मजकूर दुसऱ्या कुणाकडून घ्या, असं अध्यक्षांना कळवलं आहे.