चुलत्यांच्या रक्तातले जंतू

माझे चुलते धाराशिवच्या एका दवाखान्यात होते. ऑपरेशननंतर त्यांच्या रक्तात जंतू शिरले होते आणि नेहमीच्या अँटिबायोटिकना ते दाद देत नव्हते. थंडी वाजून ताप भरायचा, रक्तदाब खाली यायचा. कोणतं औषध लागू पडेल, हे रक्ताच्या तपासणीतून कळणार होतं. आम्ही त्या रिपोर्टची वाट बघत होतो.

त्याच दुपारी आमच्या गावाहून, माकणीहून, जीपभर माणसं आली. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय भेटून आलो असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही. सिस्टरनं सगळ्यांना दारातच अडवलं.

"एकेकानं आत जायचं, तेही साबणानं हात धुऊन. हातावरून जंतू पसरतात."

"पंगत बसणार हाय का, सिस्टर?" असं म्हणत आत्या बांगड्या वर सारून बेसिनकडं गेली.

रांग अर्धी सरली तोच डॉक्टर मोबाईल हातात घेऊन जवळजवळ पळतच आले. "रिपोर्ट आला! एक औषध चालतंय!"

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. चुलतभाऊ तसाच अनवाणी मेडिकलकडं धावला. संध्याकाळी पहिला डोस सुरू झाला.

ताप उतरला त्या सकाळी पुन्हा जीप आली होती. चुलत्यांनी डोळे उघडले, दारातली गर्दी बघितली आणि चुलतीला विचारलं, "एवढी माणसं कशापायी जमली? म्या गेलो का काय?"

"जाताय कुठं! गप पडा," चुलती म्हणाली.

आम्ही इतक्या मोठ्यानं हसलो की सिस्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं.