बिननावाचा तांब्या

गल्लीतल्या बायकांकडून एकेक तांब्या मागून आणला, ती माझी पहिली चूक. धाड गावच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता मलाही मांडणशिल्प करायची हौस आली होती. शाळेच्या हॉलमध्ये एक भिंत, भिंतीवर चाळीस तांबे, शिल्पाचं नाव ‘आम्ही’. एकटं कुणी उठून दिसू नये, सगळी गल्ली एक दिसावी, असं मी मोठ्या अक्षरात लिहूनसुद्धा लावलं होतं.

आमच्याकडे भांड्यावर नाव असतंच. लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे जातात आणि नावावरून घरी परत येतात. माझ्या ‘आम्ही’त मात्र ती ठिपक्याठिपक्यांची नावं मला खुपायला लागली. एका तांब्यावरचं नाव पॉलिशवाल्याकडून घासून आणलं. लखलखीत झाला. बाकीच्यांसाठी त्याला सवड नव्हती, म्हणून ते नावाची बाजू भिंतीकडे करून टांगले.

उद्घाटनाला बायका आल्या आणि ‘आम्ही’कडे कुणी बघेचना. जी ती आपला तांब्या शोधायला लागली.

“माह्यं नाव भितीकडं काऊन केलं, भाऊ? मी का कोणाचं चोरलं?” असं म्हणत एकीने तांब्या फिरवला. मग काय, सगळ्यांनीच फिरवले. दोन आठवडे मापं घेऊन टांगलेली भिंत पाच मिनिटांत वाकडीतिकडी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो, ही कला आहे! भांड्यांचं दुकान नाही!”

“मंग आमची भांडी काऊन आणली?”

मी आणखीच चिडलो.

त्या गोंधळात माझ्या शेजारच्या काकू एकेका तांब्यावरून अंगठा फिरवत चालल्या होत्या. त्या बाजारात भाजी विकतात, वाचता येत नाही. बाकी सगळ्यांना आपापले सापडले होते; शेवटी वैतागून मीच उरलेला, घासलेला तांब्या काढून त्यांच्या हातात दिला. “हा घ्या तुमचा.”

त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. “हा नाही, भाऊ. माह्या तांब्यावर नाव हाय. बापानं टाकून देल्लं होतं. लग्नात इकडच्याईनं नाव बदललं. पयलं नाव त्या तांब्यावरच राह्यलं.”

“काकू, हाच आहे. नाव मी घासून टाकलं.”

त्यांनी आणखी एकदा अंगठा फिरवला. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. खरं तर त्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

“घासायच्या आधी तुमी वाचलं तं असन नं?” त्यांनी विचारलं. “बराबर लिहेल होतं? मले कोणी वाचून नाही दाखोलं कधी.”

वीस वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. मला त्यांचं सासरचंही नाव ठाऊक नव्हतं. आणि तांब्यावरचं मी वाचलंच नव्हतं, नुसतं घासायला दिलं होतं.

“हाव,” मी म्हणालो, “बराबर होतं.”

काकूंनी मान हलवली. तांब्या माझ्या हातात परत ठेवला आणि त्या रिकाम्या हाताने घरी गेल्या.