शेंगोळ्यांवरचा पहारा

एकाहत्तर साली मी नगरच्या एका कारखान्यात वायरमन होतो. तिथं थायरिस्टर नुकताच आला होता. आमच्या फोरमनसाहेबांनी तो चिमटीत धरून शिकवला, "ह्यो बिनहालचालीचा खटका. गेटला, म्हंजी ह्या पायाला, जरासा करंट दिला की चालू. मग गेट सोडलं तरी थांबत न्हाई. सप्लाय तोडला, की मगच गप्प."

त्याच सुमारास माझ्या डब्यातले हुलग्याचे शेंगोळे रोज कमी व्हायला लागले. डबा उचलताच हॉर्न वाजवणारा साधा खटका लावला असता, तर चोरानं डबा परत ठेवताच आवाज बंद पडला असता. म्हणून मी डब्याखाली थायरिस्टर असा जोडला, की डबा उचलताच गेटला करंट मिळावा, आणि त्याला बॅटरी, लष्करी भंगारातल्या जीपचा हॉर्न आणि दिवा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच हॉर्न बोंबलला. आम्ही सगळे धावलो. फोरमनसाहेब डबा जागेवर दाबून धरत होते आणि हॉर्न काही थांबत नव्हता. आम्हाला पाहून त्यांनी डबा पुन्हा उचलला, बाकावर बसले, म्हणाले, "जोडणी बरोबर हाय," आणि खायलाच लागले.

मी बॅटरीची वायर काढली, तसा हॉर्न गप्प झाला. साहेबांना थांबवायला मात्र डबाच काढून घ्यावा लागला.