धाकट्या मॅडम

धाकट्या मॅडम फाइल उघडण्याआधी माणसाकडे बघत. पेशंट दारातून येऊन खुर्चीत बसेपर्यंत त्यांची नजर त्याच्या पावलांवर, हातांवर, चेहऱ्यावर फिरायची, आणि पुष्कळदा निम्मं निदान तिथेच झालेलं असायचं. परभणीच्या आमच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं नर्स आहे. इतकं बारीक बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्या पूर्णेच्या, रेल्वेतल्या फिटरची मुलगी. मेंदूविकारांतली वरची पदवी घेऊन नुकत्याच आल्या होत्या. थोरल्या मॅडम आधीपासून होत्या, म्हणून या धाकट्या. नातेवाईक मध्येच बोलू लागले की हळूच म्हणत, "तुमी थांबा जरा. त्याला बोलू द्या. मला वेळ हाय."

पेडगावकडचा एक मेंढपाळ एकदा आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आला. पोराचे हात थरथरत, शब्द जिभेत अडकत, तोंडातून लाळ गळे. गावाने त्याला दारुडा ठरवलं होतं, आणि बापानेही.

"लय मारलं मॅडम याला, तरी सोडंना," बाप मान खाली घालून म्हणाला.

मॅडमनी मुलालाच विचारलं, "पितो का रे?"

बऱ्याच वेळाने त्याच्या तोंडून शब्द निघाला, "न्हाई."

"बरं," म्हणत त्यांनी त्याच्या डोळ्यावर बाजूने टॉर्च धरला आणि मला बोलावलं. बुबुळाच्या कडेने तपकिरी, सोनेरी झाक असलेलं बारीक कडं दिसत होतं. ही दारू नव्हती, घराण्यात उतरणारा आजार होता: जेवणातून येणारं तांबं शरीराबाहेर पडत नव्हतं, मेंदूत साठत होतं. तपासण्यांतही तेच निघालं. बापाने ऐकून घेतलं आणि लेकाचा थरथरता हात आपल्या हातात घेतला.

"याच्या बहिणीलाबी आणा," मॅडम म्हणाल्या.

"ती तर धडधाकट हाय."

"म्हणूनच आणा."

बहिणीच्या रक्ता-लघवीत तोच आजार सापडला. अजून तिचं बोटही थरथरलं नव्हतं, तोवर औषध सुरू झालं. भाऊ आठ महिने औषध घेतल्यावर एकटा बसने आला आणि सावकाश, पण अख्खं वाक्य बोलला, "मेंढरं आता मीच नेतो." मी तोंड फिरवून उगीच पट्ट्या आवरत बसले.

दोन वर्षांनी मॅडम दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात फेलोशिपला निघाल्या. मी म्हटलं, "आता आणखी काय शिकायचं राहिलंय?"

"झरीची ती बाई आठवते का, जिचा तोल जायचा? तिला काय झालं होतं ते मला कळलंच नाही. ती त्यातच गेली, आणि तिचा मुलगा माझे आभार मानून गेला. ते सहन होत नाही, सिस्टर."

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. त्या बाईच्या मेंदूचे जुने फोटो आणि रिपोर्ट त्यांनी तिथल्या गुरूंसमोर ठेवले होते, आणि आजाराचं नाव सापडलं होतं. मुलाचा जुना नंबर लागत नव्हता, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी झरीला गेले. ओट्यावर बसून त्याला मॅडमशी जोडून दिलं. मॅडमनी त्याला सांगितलं, आजार आईपासून मुलाकडे येणारा नव्हता, आणि त्यावर अजून कुठेच औषध नव्हतं.

"म्हंजे आमच्या हातून करायचं कायी ऱ्हायलं न्हाई," तो फोनमध्ये म्हणाला. मग आत वळून बायकोला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.