वापरणाऱ्याने स्वतः बंद केले

कमांड टाइप करून झाली की रामटेकेजी ती हलक्या आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आणि मगच एंटर दाबत. वैशाली नगरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतली पोरं म्हणत, मंत्र सुरू झाला. ते मागे वळूनही न पाहता सांगत, "मंत्र नाही बाप्पा, तपासून राहिलो."

वडिलांची रेल्वेत बदली झाली म्हणून ते लहानपणीच नागपूरहून जयपूरला आले होते. इतकी वर्षं हिंदीत गेली, तरी मराठी माणूस भेटला की नागपूर जिभेवर यायचं. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी साताऱ्याहून इथे आले, आणि ऑफिसात मराठीत बोलायला मला तेवढे एकच होते. काम त्यांनीच शिकवलं. त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. "एकदा दिसलं तं बोलाचं नाही मॅडम. पुन्हा दिसू द्या, मग सांगा." अर्धवट तक्रार घेऊन गेले की ते मला सरळ परत पाठवत.

त्या उन्हाळ्यात त्यांचं टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची ती काळी खिडकी, काम चालू असताना आपोआप बंद होऊ लागलं. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर नाहीच. दुसऱ्या कुणाकडे तसं होत नव्हतं. त्यांनी कीबोर्ड बदलला, मशीन बदललं, शेवटी माझ्या जागेवर बसून पाहिलं. खिडकी तिथेही गेली. मी बसले की मात्र ती तासन्‌तास जागची हलत नसे. सपोर्टवाल्यांनी नोंदी तपासून कळवलं की बिघाड काहीच नाही, वापरणाऱ्याने स्वतः बंद केले आहे.

रामटेकेजींना ते फार लागलं. "मी खोटं काहून बोलीन जी? मी तं हातही लावला नाही." आमचे मॅनेजर माथुरजी तोंडावर गोड बोलत, पण मोठ्या सर्व्हरचं काम एकेक करून त्यांच्याकडून काढून घेत होते. मला ते दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

मंगळवारी दुपारी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. ते कमांड वाचत होते आणि एका शब्दाच्या मध्येच थांबले. मी मान वळवली. डोळे पडद्यावर होते, पण बघत नव्हते. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. डाव्या हाताची बोटं आखडून कंट्रोल आणि डी या दोन कळांवर रुतली होती. त्या एकत्र दाबल्या की टर्मिनल बंद होतं. तसं ते बंद झालं. थोड्या वेळाने त्यांनी एकदम श्वास घेतला आणि आनंदाने माझ्याकडे वळले, "पाहिलं ना? आता तं पाहिलं ना तुम्ही?"

"पाहिलं," मी म्हणाले.

तीन वाजता ते नेहमीप्रमाणे स्कूटर काढून मानसरोवरला गेले, मुलीला, सुजाताला, शाळेतून आणायला. मी खिडकीतून पाहत राहिले. मला भास झाला असेल, आपण काय डॉक्टर आहोत, पुन्हा दिसू दे, असं मी स्वतःला बजावलं. बुधवारी काही झालं नाही. तीनला ते पुन्हा गेले, आणि ते परत येईपर्यंत माझं कामात लक्ष लागलं नाही.

गुरुवारी मी मोबाइल तयार ठेवला होता. आवाज थांबला तशी मी फिल्म घेतली आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती तीनदा पाहिली. "म्हणजे सपोर्टवाले खरंच सांगून राहिले होते," ते एवढंच म्हणाले. मग स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली. "आज सुजाताले तुम्ही आणा."

मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण सगळी काढता आली नाही. त्यांनी भावाकडे नागपूरला जायचं ठरवलं, तेव्हा मी स्टेशनवर पोचवायला गेले. टोपीखाली डोकं केवढंसं दिसत होतं. त्यांनी सुजाताला जवळ ओढलं. "या मावशीनं पाहिलं त्याच दिवशी सांगितलं, बेटा. एक दिवस लपवलं नाही. नाहीतर तू माझ्यामागं बसून येत होती."

"थँक्यू मावशी," सुजाता म्हणाली. "मतलब, मला पप्पांनी सगळं सांगितलं आहे."

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाण्याची बाटली घेतली का, असं विचारलं. गाडी हलली. दिवाळीच्या आधीच ते गेले. सुजाता अजून फोन करते, दर वेळी एकदा तरी थँक्यू म्हणते, आणि मी तिला अभ्यासाचं विचारते.