नावं दिसायची बंद झाली तेव्हा

माझी बायको सुनंदा मंगळवारी गेली. मी नवा रायपुरला ऑफिसात होतो. फोन आला, मी घरी आलो. त्यानंतर मी नोकरीवर परत गेलो नाही.

नेटवर्क इंजिनियरनं घरी बसायचं ठरवलं की नातेवाइकांचे प्रिंटर आणि वायफाय त्याच्याकडे येतात. माझ्याकडे ते आले नाहीत. दुखवट्यातल्या माणसाला कोण काम सांगणार. मी पुस्तकं वाचत असे. पहिला फोन सुनंदाच्या थोरल्या बहिणीचा, कुसुमताईंचा आला. त्या चौबे कॉलनीत राहतात. त्यांची मुलगी रुचा सासरहून आपल्या लहान मुलीला घेऊन आली होती, एवढं मला माहीत होतं.

मी गेलो तेव्हा मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या. झालं होतं असं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाहून निघताना इंटरनेटवाल्यानं कुसुमताईंना गाठून हळूच विचारलं होतं की रुचा वकील शोधून राहिली का. हा गृहस्थ मंडळातलाच. कुसुमताईंसकट अर्ध्या मंडळाकडे त्याचंच कनेक्शन आहे, कारण आपल्या माणसाला सोडून दुसऱ्याकडे जाणं बरं दिसत नाही. शिवाय तो रुचाच्या दिराचा मित्र. दुसऱ्याच दिवशी रुचाच्या सासऱ्यांचा फोन आला: रविवारी चार मोठी माणसं घेऊन येतो, बसून बोलू.

रुचाला वाटलं, आईनं तोंड उघडलं. पण आईला तर वकिलाचं काही माहीतच नव्हतं.

"भाऊजी, मले एवढंच सांगा, त्याले कसं समजलं?" कुसुमताई म्हणाल्या.

मी रुचाला विचारलं की वकिलांबद्दल ती वाचते कशावर. फोनचं कनेक्शन नवऱ्याच्या नावावर होतं, म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर वापरत होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर ती हिंदीतच देते.

"मौसी होतीं तो उन्हीं से पूछती, काका. और किससे पूछूँ? इसलिए इस पर पूछा. अभी तो मैंने कुछ तय भी नहीं किया है."

तिला एवढंच हवं होतं. ठरेपर्यंत कोणी येऊन बसू नये. चार माणसं समोर बसली की काय होतं ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. चहा होतो, मुलीची बॅग भरली जाते.

इंटरनेटवाल्याला कळण्याचं कारण साधं होतं. आपण एखाद्या वेबसाइटचं नाव टाकतो तेव्हा कॉम्प्युटरला तिचा पत्ता माहीत नसतो. तो दुसऱ्या मशीनला विचारतो. या विचारण्याच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. वेगळं काही केलं नसेल तर हा प्रश्न इंटरनेटवाल्याच्या मशीनकडे जातो आणि उघडा जातो. पानठेल्यावर घर विचारावं तसं. आत काय बोलणं झालं ते ठेलेवाल्याला कळत नाही, पण कोणाचं घर विचारलं ते कळतं. वकिलांच्या, कौटुंबिक न्यायालयाच्या साइट असतील तर तेवढं पुरतं.

उपाय म्हणजे एन्क्रिप्टेड डीएनएस प्रॉक्सी. हा छोटा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्येच बसतो, प्रश्न आपल्याकडे घेतो आणि कुलूपबंद करून दूरच्या सर्व्हरला पाठवतो. मी तो टाकला. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवाल्याचा पत्ता काढून कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता घातला. खाली पर्यायी सर्व्हरची जागा असते. ऑफिसात ती आम्ही कधी रिकामी ठेवत नाही. इथे रिकामीच ठेवली, कारण तिथे काही भरलं की प्रॉक्सी अडखळताच प्रश्न पुन्हा उघड्यावर जातात. मग बाहेर काय जातंय ते तपासलं. एकही नाव दिसत नव्हतं. रुचाला सांगितलं की हा पडदा आहे, भिंत नव्हे. कसून शोधणाऱ्याला इतर खुणा मिळतात. पण हा माणूस फक्त नावं पाहणारा होता.

सकाळी कुसुमताईंचा फोन आला. नेट बंद. त्यांनी इंटरनेटवाल्याकडे तक्रारही करून टाकली होती. बंद पडलं की त्यालाच सांगायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. मी म्हटलं, माणूस आला तर कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका, आणि निघालो.

प्रॉक्सी चालू होत नव्हता. सर्व्हरचं प्रमाणपत्र वैध नाही म्हणत होता. प्रमाणपत्र म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. कोपऱ्यातली तारीख पाहिली. कित्येक वर्षं मागची होती. त्या तारखेला हे ओळखपत्र निघालेलंच नव्हतं.

"रात्री मेन बंद करता का?"

"करतो ना," कुसुमताई म्हणाल्या. "रुचाचे बाबा होते तेव्हापासूनची रीत आहे. एकदा विजेनं टीव्ही जळला होता."

कॉम्प्युटरचं घड्याळ चालवणारा आतला छोटा सेल संपला होता. मेन बंद झाला की घड्याळ मागे जायचं. आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सकाळी कॉम्प्युटर इंटरनेटवरून वेळ विचारून घ्यायचा. आता वेळ विचारायला वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधावं लागत होतं, नाव शोधायला प्रॉक्सी लागत होता आणि प्रॉक्सीला आधी बरोबर वेळ लागत होती.

सदर बाजारातून सेल आणला. तो बसवून कॉम्प्युटर चालू केला तेवढ्यात इंटरनेटवाल्याचा लाइनमन आला. स्क्रीन पाहून म्हणाला, "भैया, डीएनएस अपना डाल देता हूँ. दो मिनट का काम है."

मी काही बोलण्याआधी रुचा उठली. "नहीं. चल जाएगा. आप रहने दीजिए."

तो गेला. मी वेळेच्या सर्व्हरचं नाव काढून तिथे थेट आकडी पत्ता घातला, म्हणजे सेल पुन्हा संपला तरी अडणार नाही. नेट सुरू झालं.

संध्याकाळी इंटरनेटवाल्याचा फोन आला. कुसुमताईंनी स्पीकरवर घेतला.

"मावशी, नेट चालू आहे ना? इकडे तुमच्या लाइनवर काहीच दिसून नाही राहिलं."

मी इतका वेळ समजावलेलं कुसुमताईंना आत्ता पटलं असावं.

"चालू आहे," त्या म्हणाल्या. "काहून बाबा, तुले काय पाह्याचं होतं?"

त्यानं फोन ठेवला. कुसुमताई आत जाऊन रुचाशेजारी बसल्या.

रविवारी चार माणसं आली. वकिलाचं कोणीतरी विचारलं. कुसुमताईंनी सांगितलं की मुलगी माहेरी आली आहे, ठरवेल तेव्हा तीच बोलेल, आणि पोहे पुढे केले. बॅग भरली गेली नाही. पुढचे काही महिने रुचा त्या कॉम्प्युटरवर हवं ते वाचत राहिली. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा तिनं सासऱ्यांना स्वतः फोन केला. नोटीस नंतर गेली. त्यांना हे तिच्याच तोंडून पहिल्यांदा कळलं.

या कामातून मी एवढंच शिकलो की घरच्या मशीनची तपासणी काम झाल्याबरोबर करून उपयोग नाही. ते घर जसं झोपतं तसं एक रात्र झोपू द्यावं आणि सकाळी तपासावं.

आता त्या घरात कुसुमताई, रुचा आणि तिची मुलगी राहतात. माझ्या घरात मी राहतो.